भाठ्यावरची बारमाही बाग

झाड तहानेनं मरत असो की बुडून, वरून सारखंच दिसतं. आधी पानं माना टाकतात, मग पिवळी पडतात, मग गळतात. हे मला कृषी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा नव्या राजधानीतली माझी बाग मरायला लागली होती, आणि बाग मेली तर शेजारच्या पाऱ्याचं पाणी जाणार होतं. पारा म्हणजे इकडे वस्ती. त्या पाऱ्याला मी शब्द दिला होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आजोबा वर्धेकडून रेल्वेच्या कामावर आले आणि रायपूरलाच राहिले. बाबा रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. माझी पदवी आली तेव्हा बाबांनी ती सदर बाजारात नेऊन तिला फ्रेम करून आणली. सोनारांच्या दुकानांसमोरच्या त्या गर्दीतून, दुचाक्यांचे हॉर्न ऐकत, काच छातीशी धरून ते पायी घरी आले. सायकल तिथेच दुकानात ठेवून आले, ती आणायला दुसऱ्यांदा गेले. चौबे कॉलनीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती फ्रेम देवाच्या फोटोच्या वरच्या खिळ्यावर चढली.

आई म्हणाली, "अवो, देवाच्या वर?"

बाबा म्हणाले, "देवानं कोनती परीक्षा देल्ली?"

माझ्यात हा ताठा कुठून आला असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

पहिलं काम उरल्याला, रायपूरजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मिळालं. एका कारखान्याच्या कुंपणाला लागून झाडांचा पट्टा उभा करायचा होता. ट्रक, भट्ट्या, पाळीवर येणारी-जाणारी माणसं आणि सगळ्यावर काळी धूळ. वर्षभर मी ओल्या फडक्यानं पानं पुसून पाहत होते की खालचं पान जिवंत आहे का. करंज टिकला, कडुनिंब टिकला, बाकी बरंच गेलं. पण तिथली जमीन भरावाची होती, मऊ. कुदळ मारली की आत जायची. झाड लावलं की मुळं धरायची. तिथून मी निघाले ते खड्डा कसा खणायचा हे आपल्याला येतं, असं समजूनच.

मग राजधानीच्या कार्यालयात कंत्राटी जागा मिळाली. राज्य नवं होतं आणि शहरापासून लांब, धानाच्या शेतांमधून, राजधानीही नवी उभी राहत होती. रुंद रस्ते आधी झाले, त्यांच्यावर चालणारी माणसं यायची होती. आमचे साहेब पुण्याकडचे. माझं आडनाव पाहून खूश झाले, "अरे वा, मराठी!" मी म्हणाले, "हो सर, मले वाटते..." आणि पुढचं राहून गेलं, कारण ते हसले. "मले!" ते म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे बाकीचेही हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी कार्यालयात 'मला' म्हणू लागले आणि हळूहळू घरीसुद्धा. बाबांना ते ऐकू आलं असणार.

कार्यालयापासून थोड्या अंतरावर एक मोठं मोकळं मैदान होतं. तिथे सार्वजनिक बाग करायची होती. एका कंत्राटदाराचा आराखडा आधीच मंजुरीला होता: गालिच्यासारखी हिरवळ, रांगेत पाम, मध्ये कारंजं आणि या सगळ्याला पाणी पुरवायला दोन खोल ट्यूबवेल. मी तो आराखडा पाहिला आणि मनात म्हटलं, हे पोट्टं कधी इथल्या वैशाखात उभं राहिलं आहे का?

मी माझा आराखडा केला. ट्यूबवेल नाही. हिरवळ नाही. इथलीच झाडं, इथलंच गवत, पहिली दोन वर्षं टँकरनं थोडं पाणी, पुढे आपल्या पायावर. एका मोठ्या कागदावर मी बारा महिन्यांचे बारा रकाने आखले. फाल्गुनात पळस आणि सावर. चैतात कुसुमाची लाल कोवळी पालवी, जी लांबून फुलांसारखी दिसते. वैशाख-जेठात, जेव्हा सगळं भाजून निघतं, तेव्हा बहावा. पावसाळ्यात कदंब. कुवारात म्हणजे आश्विनात हरसिंगार, आपला पारिजातक. हिवाळ्यात, जेव्हा फुलणारी झाडं कमी, तेव्हा उंच गवतांचे तुरे, ते उन्हात चांदीसारखे होतात. वर्षातल्या कोणत्याही दिवशी माणूस येऊन बसला तर त्याच्या समोर काहीतरी चालू असेल, असं मी बैठकीत म्हणाले. 'मला वाटतं' असं म्हणून म्हणाले. एकदाही अडखळले नाही.

साहेबांना कागद आवडला. बोटानं एकेक रकाना पाहत म्हणाले, "सुंदर आहे गं. पण मंत्री महिने पाहत नाहीत, एक दिवस पाहतात. दिवाळीनंतर उद्घाटन आहे. एक पावसाळा देतो तुला. झाडं धरली तर तुझी बाग. नाही धरली तर कंत्राटदाराचा आराखडा, दोन्ही ट्यूबवेलसकट."

मैदानाच्या कडेलाच तो पारा. पंचवीस-तीस घरं. त्यांच्या गुरांचं चरणं याच मैदानावर चालायचं, ते गेलं होतं. राहिला होता एक हातपंप. इकडे हातपंपालाच बोरिंग म्हणतात. आजूबाजूची बोरिंगं उन्हाळ्यात हवा ओकायची, पण याचं पाणी जेठातही आटलेलं कुणाला आठवत नव्हतं. आमच्याकडे रोजीवर काम करणाऱ्या बाया, इकडे त्यांना रेजा म्हणतात, त्या याच पाऱ्यातल्या. त्यांच्यात एक मोठी होती, आईच्या वयाची, हातावर पूर्ण गोंदण. मी तिला दीदी म्हणायची, ती मलाही दीदीच म्हणायची. ट्यूबवेलची गोष्ट तिला कुठून तरी कळली होती. पहिल्याच दिवशी तिनं कुदळ खाली ठेवली आणि विचारलं,

"दीदी, हमर बोरिंग ल तो नइ सुखाबे ना?"

"नाही सुकणार," मी म्हणाले. "माझ्या बागेला बोअर लागतच नाही. झाडं जगली की ट्यूबवेल खोदणारच नाहीत. माझा शब्द."

"झाड जी जाही तब?"

"जगली की झालं."

"हव," ती म्हणाली आणि कुदळ उचलली. मग दुसऱ्या बायांकडे वळून भराभरा काहीतरी सांगितलं. त्या दिवसापासून त्या बायांनी माझं काम मजुरीचं काम म्हणून केलं नाही. रोपाची पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू नये म्हणून दोघी-दोघी मिळून धरायच्या, जशी नवी बाळंतीण उठवतात तशी.

खड्डे खणायच्या आधी एका रविवारी मी बाबांना स्कूटीवर बसवून मैदान दाखवायला नेलं. खरं म्हणजे आराखड्याचा कागद दाखवायला नेलं. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली, घडी करून मला परत दिला आणि खाली बसून बोटानं माती उकरायला लागले.

इकडच्या शेतकऱ्यांनी जमिनीला नावं दिली आहेत. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी. आणि जिथे वीतभर लाल खडीच्या खाली नुसता कडक मुरूम असतो, ती भाठा. भाठ्यावर कुणी पेरत नाही, गुरं सोडतात. मैदान भाठा होतं. हे मला माहीत होतं. मातीचा तपासणी अहवाल माझ्या फाइलमध्ये होता.

बाबांनी विचारलं, "खड्ड्यात पानी टाकून पाह्यलं का?"

"कोणतं पाणी?"

"नमुन्याचा एक खड्डा खन. संध्याकाळी दोन डबे पानी टाक. सकाळी येऊन पाहाय. पानी गेलं असन तं झाड लाव. थे तिथंच असन तं त्याच्यात झाड नोको लावू, बदक पाळ." आणि स्वतःच हसले. "सब्बलीनं बूड फोडा लागते भाठ्याचं. नाही तं खड्डा नाही, हौद होते. मंग जमिनीच्या वर ढिगारे करून लावा लागते."

साहेबांची गाडी तेवढ्यात रस्त्यावर थांबली होती. रविवारी ते कुटुंबाला नवी राजधानी दाखवायला आणायचे. ते उतरून आमच्याकडे येत होते. बाबा उकिडवे बसलेले, धोतराला लाल माती, मोठ्यानं बदकं-बदकं करत हसणारे. मी पटकन म्हणाले,

"बाबा, हे साहेबाच्या बंगल्याचं आवार नाही. इथली माती प्रयोगशाळेतून तपासून आली आहे."

बाबा उठले. हात झटकले. साहेबांना नमस्कार केला आणि जाऊन स्कूटीपाशी उभे राहिले. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले की मागच्या चाकात हवा कमी आहे.

जेसीबी आला, दोन दिवसांत खड्डे झाले. हातानं खणले असते तर कुणाला तरी सब्बल, म्हणजे पहार, मारता मारता कळलं असतं की खाली काय आहे. यंत्राला काही कळत नाही, ते फक्त खरवडतं. खड्ड्यांच्या भिंती घासलेल्या भांड्यासारख्या गुळगुळीत निघाल्या. मला ते किती व्यवस्थित वाटले! त्यांत आम्ही चांगली माती आणि शेणखत भरलं, झाडं लावली, बांबू बांधले. ओळी सरळ. मी फोटो काढून साहेबांना दाखवले.

सावनात पाऊस लागला तो थांबेना. आठवड्याभरानं दोन दिवस ऊन पडलं आणि पाहते तर कुसुमाची पानं खाली वाकलेली, बहाव्याची पिवळी पडत चाललेली. माझ्या डोक्यात पुस्तकाचं पान उघडलं: पान पिवळं म्हणजे नत्र कमी. मान टाकली म्हणजे पाणी कमी. वरची खडी तर लगेच वाळलेलीच दिसत होती. मी खत टाकायला लावलं आणि त्यावर पाणी घालायला सांगितलं.

दीदी बादली हातात घेऊन उभीच राहिली.

"ये मन पियासे नइ हें, दीदी. पेट भर गे हे इंखर."

"तहानलेली नाहीत? मग माना काहून टाकल्या?" रागाच्या भरात माझं 'काहून' बाहेर आलं. "तू शिकलीस का हे सगळं? टाक पाणी."

तिनं टाकलं. ओळीतल्या प्रत्येक झाडाला एकेक बादली. बाकीच्या बायांनीही टाकलं. बुडणाऱ्याच्या तोंडात आम्ही चार दिवस पाणी ओतत होतो आणि ते सांगणारी मी होते.

पाचव्या दिवशी मी घरी आईजवळ बोलत होते की झाडं काही धरत नाहीत. बाबा आतून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच सिटी बसनं, मग चालत, मैदानावर आले. कुणाला विचारलं नाही. एक कदंबाचं रोप धरून त्यांनी वर ओढलं. ते ओढल्याबरोबर निघून आलं, आणि खाली खड्ड्यात पाणी चमकलं. बाबांनी मुळं नाकाशी नेली आणि मग माझ्या नाकाशी. नाल्याचा वास.

"मुळी कुजली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "पाहाय तुह्या कागदात. कोन्या महिन्यात कुजते ते बी लिवलं असन."

एवढंच. मला त्यांनी त्याहून जास्त बोलायला हवं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही सब्बली घेऊन खड्ड्यांची बुडं फोडत होतो. पावसात. बाबा, मी, दीदी आणि तिच्या बाया. मुरूम फुटताना ठिणगी उडायची. हाताला फोड आले, ते फुटले. काही झाडं आम्ही बाहेर काढून ढिगाऱ्यांवर लावली. त्यातली बरीचशी वाचली. दीदी प्रत्येक वाचलेल्या झाडाच्या बांबूला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि संध्याकाळी चिंध्या मोजायची. पण मैदान मोठं होतं. चिंध्या कमी होत्या.

पावसाळा सरता सरता साहेब पाहणीला आले. उभ्या वाळलेल्या काडक्यांच्या ओळीतून ते शेवटपर्यंत चालत गेले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले नाहीत, आणि तेच वाईट झालं.

"तुझी चूक झाली की जमिनीचीच?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. "अहवालात कारण लिहून दे. खड्ड्यांचं काही चुकलं असेल तर तसं लिही. मग मी वर सांगेन की कल्पना बरोबर आहे, पुन्हा एकदा लावू, उद्घाटनापुरतं कुंड्यांवर भागवू. जमीनच तशी असेल तर मात्र माझ्या हातात काही नाही."

म्हणजे एक दार उघडं होतं. फक्त मला लिहायचं होतं की खड्ड्यांची परीक्षा घेतली नाही आणि बुडणाऱ्या झाडांना पाणी घातलं. दोन ओळी. खाली सही, सहीच्या पुढे पदवी.

मी ते लिहायला बसले होते. तीन वेळा बसले. प्रत्येक वेळी ते टेबल दिसायचं, त्याच्याभोवतीची माणसं. माळ्याची पोरगी, खड्डा खणता येत नाही. कंत्राट मार्चमध्ये नवं व्हायचं होतं. शेवटी मी लिहिलं: 'सदर जमीन भाठा प्रकारची असल्याने देशी वृक्षांच्या लागवडीस अयोग्य आढळली. अतिवृष्टीमुळे रोपांची हानी झाली.' वाक्य खोटंही नव्हतं. जमीन भाठा होती. पाऊस जास्त झाला होता. ढिगाऱ्यांवर चिंध्या बांधलेली झाडं उभी होती, त्यांचा उल्लेख मी केला नाही.

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं स्पष्ट लिहिलंस."

दोन ट्यूबवेल दसऱ्याच्या आधीच खोदल्या गेल्या. यंत्र दोन दिवस चाललं, पांढरा चिखल पाऱ्याच्या दिशेनं वाहत गेला. बाहेरून माती आली, ती मुरमावर पसरली, तिच्यावर हिरवळीचे तुकडे गुंडाळ्या उलगडून अंथरले. ढिगारे सपाट केले. उद्घाटन चांगलं झालं. साहेबांनी मलाही पुढे बोलावलं, फोटोत घेतलं. लोक हिरवळीवर चपला काढून चालत होते, मुलं लोळत होती. लोकांना आवडलं, हे मी कबूल करते.

दीदीनं मला काही विचारलं नाही. बायांना आता हिरवळीवर पाइपनं पाणी मारायचं काम होतं. सकाळ-संध्याकाळ. त्या ते करत होत्या.

चैत लागला आणि पाऱ्याचं बोरिंग खोकायला लागलं. आधी पन्नास हात मारल्यावर पाणी, मग शंभर, मग नुसता लोखंडाचा आवाज. बायांनी कामावरून परत जाताना बागेच्या नळावर डबे भरून न्यायला सुरुवात केली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. सामान बाहेर न्यायला चिठ्ठी लागते, तो म्हणाला. पाणी सामान आहे का, यावर थोडी वादावादी झाली. शेवटी दीदी माझ्याकडे आली.

"लिख के दे दे, दीदी."

मी लिहून दिलं. पिण्याचे पाणी, एक डबा, जाऊ द्यावे. सही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर मी अशा चिठ्ठ्या लिहीत होते, प्रत्येक बाईची वेगळी, प्रत्येक दिवसाची वेगळी. मग वरून तोंडी सांगणं आलं की बागेचं पाणी बागेसाठी आहे, चिठ्ठ्या बंद करा. मी बंद केल्या. त्यानंतर पाऱ्यातल्या बाया कामावर यायच्या बंद झाल्या. दुसऱ्या गावाहून दुसऱ्या आल्या.

वैशाखात एका दुपारी मी पाऱ्यात गेले. दीदी ओसरीवर बसून धान पाखडत होती. शेजारी रिकामे डबे उतरत्या क्रमानं मांडलेले. तिनं सूप बाजूला केलं, मला बसायला पोतं टाकलं. पाणी विचारलं नाही. इकडे घरी आलेल्याला आधी पाणी देतात, न विचारता.

मी तिला सगळं सांगितलं. हिंदीत सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून. खड्डे मी तपासले नव्हते. माझ्या बाबांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तू म्हणालीस ती झाडं तहानलेली नाहीत, तेही ऐकलं नाही. साहेब पुन्हा लावायला तयार होते. मी कागदावर जमीन वाईट आहे असं लिहिलं. जमीन वाईट नव्हती.

ती ऐकत होती. मध्ये एकदा मान वर करून रस्त्याकडे पाहिलं.

"अब बता देबे त पानी आ जाही का?" तिनं विचारलं.

आता सांगून पाणी येईल का? नाही येणार, मी म्हणाले.

"काबर नइ आही? कागज म फेर लिख दे."

पुन्हा लिहून दे. तिला वाटत होतं की एका कागदानं गेलं ते दुसऱ्या कागदानं परत येईल. मी तिला सांगू लागले की आता हिरवळ झाली, उद्घाटन झालं, ट्यूबवेल खोदलेल्या परत बुजवत नाहीत, माझ्या कागदाला आता कोण विचारतं. हे सगळं खरं होतं. तरी लिहिते म्हणाले नाही, हेही तितकंच खरं.

लांबून पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. घराघरांतून बाया डबे घेऊन निघाल्या. दीदीनं दोन डबे दोन हातांत घेतले, तिसरा काखेत धरला, आणि चौथा उरला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जा दीदी, टैंकर के बेरा होगे," ती म्हणाली, आणि चौथा डबा ओसरीवर तसाच ठेवून धावत निघाली.